दोन समुद्रांच्या संगमावरील मोजणी खंडित होऊ देऊ नका

प्रति,
माननीय मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली,
तसेच मंत्रालयाच्या अखत्यारीतील आणि मंत्रालयासोबत काम करणाऱ्या सागरी संशोधन संस्थांचे संचालक

विषय : कन्याकुमारी-श्रीलंका परिसरात एकत्र येणाऱ्या सागरी प्रवाहांच्या अखंड आणि कायमस्वरूपी नोंदींबाबत

स. न. वि. वि.

कन्याकुमारी आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र एकमेकांना भेटतात. तिथल्या प्रवाहांत दीर्घकालीन बदल होत आहेत काय, आणि होत असतील तर कोणत्या दिशेने, हे सांगू शकतील अशा नोंदी जमवायला आपल्या देशाने गेल्या दीड दशकात मोठ्या कष्टाने सुरुवात केली आहे. या नोंदींचे भवितव्य दर पाच वर्षांनी संपणाऱ्या योजनांच्या मुदतीवर टांगलेले राहू नये, एवढ्या एकाच मागणीसाठी मी हे पत्र लिहीत आहे. मी कोकण किनाऱ्यावर राहतो आणि समुद्रविज्ञान शिकवतो. या संगमापासून रत्नागिरी हजारएक किलोमीटर दूर असली, तरी तिथे जे घडते ते आमच्या दारात येऊन पोहोचते. ते कसे, हे आधी सांगणे आवश्यक आहे.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतला, की गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी आणि कृष्णा या नद्यांनी उपसागरात ओतलेले गोडे पाणी किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे सरकू लागते. ते आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याने उतरते, श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेकडे जाते, आणि त्याचा एक फाटा लक्षद्वीपच्या परिसरातून आपल्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चढतो. जून ते सप्टेंबर या काळात सगळेच उलटते. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, आणि अरबी समुद्राचे जास्त खारट पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाऊन उपसागरात शिरते. एका समुद्रात पावसाचे आणि नद्यांचे पाणी अधिक, दुसऱ्यात बाष्पीभवन अधिक. या दोघांतली देवाणघेवाण अशी मोसमागणिक दिशा बदलत चालते आणि ती बहुतांशी याच अरुंद वाटेने होते.

पूर्व किनाऱ्याने खाली येणारे हे गोडे पाणी प्रत्यक्ष कसे दिसले, याची हकीकत मंत्रालयातील अधिकाऱ्यांना माहीत असेलच, तरी सर्वसामान्य वाचकांसाठी ती इथे सांगतो, कारण मला ती आपल्या समुद्रविज्ञानातील सर्वांत सुंदर कामांपैकी एक वाटते. उपग्रहांना किनाऱ्यालगतची क्षारता नीट टिपता येत नव्हती आणि संशोधन जहाज वर्षातून एखादेच वेळी तिथे जाई. तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने भारतीय किनाऱ्यावरील आठ ठिकाणच्या मच्छीमारांनी दर पाच दिवसांनी समुद्राचे पाणी बाटलीत भरून द्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे साठलेल्या त्या बाटल्यांतून २०१४ साली चित्र स्पष्ट झाले : पावसाळ्यानंतर सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा गोड्या पाण्याचा पट्टा पूर्व किनाऱ्याला चिकटून खाली सरकतो आणि उपसागराच्या उत्तर टोकापासून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत यायला त्याला साधारण अडीच महिने लागतात. शास्त्रज्ञांनी त्याला ‘समुद्रातली नदी’ म्हटले. एका होडीतल्या एका बाटलीला काहीच किंमत नाही. बाटल्यांची रांग मध्येच तुटली नाही, म्हणून ही नदी सापडली.

आता मुंबईकडे वळू. अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंद महासागरातील सर्वांत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. समुद्रपातळीत दशकादशकांनी होणारे चढउतार त्यांत दिसतात. समुद्रशास्त्रज्ञ डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ साली दाखवून दिले, की हे चढउतार भारतावर पडणाऱ्या मोसमी पावसाच्या दशकांच्या चढउतारांशी जुळतात. त्यांनी सुचवलेले कारण याच संगमातून जाते. पाऊस अधिक झाला, की उपसागरात गोडे पाणी अधिक येते, ते किनारी प्रवाहांबरोबर श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर चढते, तिथल्या पाण्याची क्षारता आणि घनता घटते आणि पातळी वर येते. म्हणजे बिहार-बंगालमध्ये आणि ईशान्य भारतात पडलेल्या पावसाचा परिणाम गेटवे ऑफ इंडियाशेजारच्या पाण्याच्या पातळीत उमटू शकतो. हा संबंध उलगडायला शंभराहून अधिक वर्षांची नोंद लागली. ज्या वर्षी ते मापक बसवले, त्या वर्षी त्याचा हा उपयोग कोणाच्या स्वप्नातही नसणार.

पाण्याखेरीज लाटांच्या रूपानेही पूर्वेची बातमी पश्चिमेला येते. उपसागरावर आणि विषुववृत्तावर वारा बदलला, की समुद्रात खोलवर जाणवणाऱ्या मोठ्या, संथ लाटा किनाऱ्याला धरून प्रवास करतात, श्रीलंका आणि कन्याकुमारी ओलांडतात आणि काही आठवड्यांत कोकणासमोरच्या प्रवाहाला ढकलतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर एका वयस्कर तांडेलाने, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाने, मला विचारले होते, की थंडीच्या दिवसांत वारा उत्तरेकडून येतो, मग रात्रभर सोडलेले जाळे सकाळी उत्तरेलाच का सरकलेले असते? त्यांचे निरीक्षण अचूक होते. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह स्थानिक वाऱ्याच्या विरुद्ध वाहतो, आणि त्याचे कारण स्थानिक नाहीच. दक्षिणेकडून आलेले हलके पाणी आणि दूरवरच्या वाऱ्याने पाठवलेल्या लाटा या दोन्हींमुळे तो तसा वाहतो. रत्नागिरीचा प्रवाह फक्त रत्नागिरीत मोजून कळत नाही, हे त्या तांडेलाला मी समजावून सांगू शकलो, पण त्यांचा पुढचा प्रश्न होता : ‘पूर्वीपेक्षा पाण्याचा जोर कमी झालाय का हो?’ त्याचे उत्तर ज्या नोंदींतून मिळेल, त्यांच्याविषयीच हे पत्र आहे.

हा प्रश्न फक्त मासेमारीचा नाही. हिवाळ्यात आग्नेय अरबी समुद्रात शिरलेले गोडे पाणी पृष्ठभागावर हलका थर धरून राहते. त्यामुळे वरचे आणि खालचे पाणी सहज मिसळत नाही, आणि मार्च-एप्रिलचे ऊन त्या पातळ थराला तापवत जाते. एप्रिल-मे महिन्यांत लक्षद्वीपजवळ ३० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचा पट्टा तयार होतो. केरळात मोसमी पाऊस दाखल होताना कित्येकदा जे भोवऱ्यासारखे वादळ उठते, त्याच्या जन्माशी या उष्ण पट्ट्याचा संबंध शास्त्रज्ञ लावतात. अशा रीतीने डिसेंबरात श्रीलंकेला किती पाणी वळसा घालून गेले, ही बाब जूनच्या पहिल्या आठवड्याशी जोडलेली आहे. त्यात आता मूळ समुद्रच तापतो आहे. १९५० ते २०२० या काळात हिंद महासागराचे पृष्ठभागीय तापमान शतकाला सुमारे १.२ अंश या वेगाने वाढले, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील अभ्यास सांगतो. समुद्र तापला, पावसाचे वितरण बदलले, वारे बदलले, तर या तिन्हींवर चालणारी पाण्याची ही देवाणघेवाण जशीच्या तशी राहील असे मानायला काहीही आधार नाही.

माशांनी तर आपला निर्णय आधीच कळवला आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात तारली (सार्डिन) या माशाचा मोठा पट्टा केरळ-कर्नाटकापुरता होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती उत्तरेला महाराष्ट्राकडे आणि पूर्वेला तमिळनाडू-आंध्राकडे लक्षणीय प्रमाणात सापडू लागली. केरळात २०१२ मध्ये तारलीचे उत्पन्न साडेतीन लाख टनांच्या वर होते आणि २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही खाली आले. त्यामागे अतिमासेमारी किती, तापमान किती, पाणी वर येण्याच्या प्रक्रियेतील बदल किती आणि प्रवाह किती, हे हिशेब वेगवेगळे केल्याशिवाय कोणतेही मासेमारी धोरण अंधारातच आखले जाणार. पर्ससीनवाले (मोठ्या घेरदार जाळ्यांनी मासे पकडणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला वाद मी वर्षानुवर्षे जवळून पाहतो आहे. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात आणि समुद्राने स्वतः काय केले, याचा पुरावा टेबलावर कोणीच ठेवू शकत नाही.

इथे मला दीर्घ नोंदींविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. जिथे दोन प्रवाह भेटतात, तिथली सीमा एका जागी स्थिर नसते. ती दर मोसमात हलते, दर वर्षी वेगळ्या ठिकाणी असते, आणि हिंद महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातील तफावत, म्हणजे ‘द्विध्रुव’, तीव्र असेल, जसा तो १९९७ आणि २०१९ मध्ये होता, तर तिचे स्थान आणि जोर दोन्ही पार बदलून जातात. या वार्षिक हेलकाव्यांच्या मानाने दीर्घकालीन बदल फार लहान असतो. म्हणून पाच-सात वर्षांची नोंद घेऊन त्यातून कल काढला, तर तो त्या पाच-सात वर्षांतल्या एखाद्या तीव्र वर्षाचा कल निघतो. याचा अनुभव अरबी समुद्रानेच दिलेला आहे. उपग्रहांच्या १९९७ ते २००४ या काळातील नोंदींवरून पश्चिम अरबी समुद्रातील वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) उन्हाळी मोसमात साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. ते काम प्रामाणिक होते आणि उपलब्ध नोंदींत ती वाढ खरोखरच होती. नोंदी पुढे लांबत गेल्या, तेव्हा ती वाढ टिकली नसल्याचे दिसले. आणि २०१६ साली पश्चिम हिंद महासागरातील प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे दुसऱ्या एका अभ्यासाने मांडले. एकाच समुद्राविषयी अकरा वर्षांच्या अंतराने अगदी उलट दिशेची दोन विधाने झाली, आणि त्यांतला मोठा फरक नोंदींच्या लांबीचा होता.

श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हेच दुर्दैव पुन्हा पुन्हा घडले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी शास्त्रज्ञांनी तिथे प्रवाहमापक नांगरून मोसमी प्रवाह मोजला. त्या नोंदी अजूनही उद्धृत होतात, पण मोहीम एक-दोन वर्षांत संपली. २०१६ च्या पावसाळ्यात भारत आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी ‘सिंधू साधना’ जहाजावरून उपसागराच्या दक्षिण भागात उत्तम निरीक्षणे घेतली. तीही एका मोसमाची होती. अशा मोहिमांमुळे प्रक्रिया समजते, आणि त्या व्हायलाच हव्यात. बदल मात्र त्यांतून समजत नाही.

याच कारणासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुमारे २००८ पासून पश्चिम किनाऱ्यासमोर आणि त्यानंतर पूर्व किनाऱ्यासमोर नांगरलेल्या प्रवाहमापकांची जी रांग उभी केली, ती मला अनमोल वाटते. मुंबई, जयगड, गोवा, भटकळ, कोल्लम, कन्याकुमारी अशा ठिकाणांसमोर, जिथे समुद्रतळ एकदम खोल उतरतो त्या उतारावर, ही यंत्रे उभी आहेत. तळाशी जड वजन, त्यावर ताणलेला दोर, दोराच्या वरच्या टोकाला तरंगणारा गोळा आणि त्यात बसवलेले यंत्र, असे साधारण त्याचे रूप असते. यंत्र वरच्या पाण्याकडे ध्वनीचे ठोके पाठवते, पाण्यातल्या सूक्ष्म कणांवरून परत आलेल्या प्रतिध्वनीतून वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रवाहाचा वेग काढते आणि तो आपल्या स्मृतीत साठवते. वर्षभराने जहाज तिथे पोहोचते, ध्वनीचा ठरावीक इशारा देते, तळाशी असलेली कडी सुटते आणि गोळा पृष्ठभागावर येतो. नोंदी उतरवून, विजेऱ्या बदलून यंत्र पुन्हा पाण्यात सोडले जाते. यात उपग्रह मदतीला येत नाही, कारण किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात त्याचे मोजमाप विश्वासार्ह राहत नाही आणि पृष्ठभागाखालचा प्रवाह त्याला दिसतच नाही. आर्गो तरंडेही (समुद्रात वर-खाली जात आपोआप मोजमाप करणारी तरंगती यंत्रे) पुरेसे नाहीत, कारण ते मोकळ्या, खोल समुद्रासाठी बनवलेले आहेत.

जहाज वेळेवर पोहोचले नाही, तर काय होते? विजेरी संपते आणि यंत्र गप्प होते. पाण्यात ते उभेच असते, पण तिथून पुढची नोंद कायमची गेली. मागाहून कितीही निधी दिला तरी ते महिने परत मोजता येत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत जगभरची संशोधन जहाजे बंदरात अडकली, तेव्हा सर्वच देशांनी हा धडा घेतला. ती आपत्ती होती, तिला इलाज नव्हता. निधीची फाईल अडली, जहाजाचे दिवस दुसऱ्या मोहिमेला गेले, प्रकल्पाची मुदत संपून नव्या प्रकल्पाला मंजुरी यायची आहे, या कारणांनी खंड पडला तर मात्र तो आपण स्वतः पाडलेला असेल.

माननीय महोदय, जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ‘पृथ्वी’ ही व्यापक योजना २०२१-२६ या कालावधीसाठी ४,७९७ कोटी रुपयांसह मंजूर केली. त्याआधी २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मिळाले. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी पाणबुडी आपल्या देशात बनावी, याचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्या खर्चाविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे असे, की पाच वर्षांची योजना पाणबुडी बनवायला योग्य आहे, पण प्रवाहाचा कल मोजायला ती रचना मुळातच चुकीची आहे. जपानची हवामान संस्था १३७ अंश पूर्व रेखांशावर १९६७ पासून जहाजाने मोजमापे घेत आली आहे. मधल्या काळात तिथली किती सरकारे आणि किती अंदाजपत्रके बदलली असतील!

दाखल्यासाठी जपानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्यामुळे मोजमाप बिघडेल हे ओळखून अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली, दोहोंतला फरक नक्की केला आणि मगच कुलाब्याची मोजणी थांबवली. त्यामुळे कुलाबा-अलिबागची मालिका जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक आहे. मालिका तुटू द्यायची नाही, हा निर्णय तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी घेतला आणि आजचे शास्त्रज्ञ त्याचे फळ खात आहेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की किनारी प्रवाहमापकांची ही रांग संशोधन प्रकल्पांच्या यादीतून काढून हवामान खात्याच्या कायमस्वरूपी निरीक्षण केंद्रांच्या बरोबरीने मानावी. तिचा खर्च, तंत्रज्ञांची पदे आणि दरवर्षीचे जहाजाचे दिवस आधीच राखून ठेवावेत, आणि ते दिवस दुसऱ्या कोणत्याही मोहिमेकडे वळवता येणार नाहीत असा लेखी नियम करावा. यंत्र बदलायचे असेल, तर जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवावे.

दुसरी गोष्ट भूगोलाची आहे. भारतीय उतारावरची यंत्रे संगमाच्या दोन्ही बाजूंना आहेत, पण खुद्द संगम श्रीलंकेच्या दक्षिणेला आणि मालदीवच्या दिशेने पसरलेला आहे. त्या वाटेवर कायमची नांगरलेली रांग हवी असेल, तर श्रीलंका आणि मालदीव या दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांना बरोबरीने घेऊन, त्यांच्या जहाजांना, विद्यार्थ्यांना आणि संस्थांना त्यात हक्काचे स्थान देऊनच ती उभी राहील. शेजारी देशांच्या सागरी हद्दीत मोजमापाचा विषय नाजूक असतो, हे मी जाणतो. तरीही या प्रवाहांवर तिन्ही देशांची मासेमारी आणि पाऊस सारखेच अवलंबून आहेत, आणि संयुक्त करारासाठी याहून निर्विवाद विषय सापडणे कठीण आहे.

नोंदी उघड करण्याविषयीही स्पष्टपणे लिहितो. ज्या शास्त्रज्ञांनी वादळात जहाजावर उभे राहून यंत्रे टाकली आणि काढली, त्यांना प्रथम अभ्यास करण्याचा हक्क आहेच. त्यासाठी दोन वर्षांची मुदत ठेवावी आणि त्यानंतर प्रत्येक ठिकाणचा प्रवाह, तापमान आणि क्षारता यांच्या नोंदी कोणत्याही अर्जाविना सर्वांना मिळाव्यात. दापोली, रत्नागिरी, मालवण, कारवार इथल्या विद्यार्थ्याला आपल्या गावासमोरचा समुद्र मोजलेला पाहायला मिळाला, तर पुढच्या पिढीतले समुद्रशास्त्रज्ञ किनाऱ्यावरूनच तयार होतील.

आणि मच्छीमारांविषयी. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या बोयांचे नुकसान मासेमारी नौकांमुळे होते, ही संस्थांची तक्रार खरी आहे. बोयाखाली मासे जमतात, नौका तिथे येतात, दोर अडकतो किंवा कापला जातो. इन्कॉइसचे (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे) मासेमारी क्षेत्राचे संदेश आज आमच्या बंदरांत मराठीतून पोहोचतात आणि ते वाचलेही जातात. त्याच वाटेने प्रत्येक बंदराला हेही कळवावे, की जयगडसमोर पाण्याखाली काय उभे आहे, ते काय मोजते, आणि गेल्या वर्षी त्याने काय नोंदवले. ज्या मच्छीमारांनी बाटल्या भरून समुद्रातली नदी शोधून दिली, त्यांच्याकडे तो उपक्रम पुन्हा मानधनासह सोपवावा, आणि या वेळी महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही तशी ठिकाणे निवडावीत. रत्नागिरी जिल्ह्यात असे काम करू इच्छिणारे तांडेल मी संस्थेला भेटवू शकतो.

‘पृथ्वी’ योजनेनंतरच्या पुढील आराखड्यात या रांगेसाठी स्वतंत्र आणि मुदतीविना लेखाशीर्ष असावे, आणि त्याविषयी मंत्रालयाने आपली भूमिका लेखी जाहीर करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
समुद्रविज्ञानाचा एक शिक्षक,
रत्नागिरी